हौदापाशी ओल नव्हती

लातूर,
५ सप्टेंबर २०२४

चि. तनुजास,
अनेक आशीर्वाद.

पत्रात कारण आधी लिहावं असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं, म्हणून आधी कारण सांगते. परसातल्या तुझ्या खताच्या हौदाला वास सुटला आहे. साधासुधा नाही, कपडे वाळत घालायला गेलं तरी नाकाला पदर लावावा लागतो.

बाकी इकडं सगळे बरे. माझा गुडघा पावसाळ्यात दुखतो तसा दुखून राहिला आहे. सुदर्शनचे क्लास जोरात आहेत, शिकवायला सकाळी सहालाच जातो. यंदा नीटच्या पोरांची बॅच मोठी आहे म्हणे. रविवारी-सोमवारी इथं असा पाऊस झाला की गल्लीत गुडघाभर पाणी होतं. गौरी-गणपती तोंडावर आले आहेत, पण घरात अजून काहीच तयारी नाही. एकटीला सुचत नाही.

सासूचा फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. माझ्या फोनवर आलेलं सगळं सुदर्शनच्या फोनवरही दिसतं, असं काहीतरी त्यानं करून ठेवलं आहे. म्हणून म्हटलं, पत्रच बरं. तुझ्या विद्यालयाचा पत्ता तुझ्या नोकरीच्या अर्जाच्या एका झेरॉक्सवर सापडला.

आता हौदाचं. तू गेल्यावर मी रोजचा कचरा त्यातच टाकत गेले. भाजीची देठं, सालं, शिळा भात, उरलेली आमटी, सगळं. मला वाटलं, टाकलं की आपोआप होतं. मे महिन्यातल्या वावटळीत वरचा पत्रा उडाला आणि शेजारच्या गच्चीवर जाऊन पडला. तो मी आणलाच नाही. आता आत काळा गाळ झाला आहे, वर पांढऱ्या अळ्या वळवळतात, आणि खालच्या विटांतून काळं पाणी गळून मोरीपर्यंत येतं. शेजारच्या शांतम्मानं परवा भिंतीवरून विचारलं, "एन्री उमाक्का, घरात काय मेलं काय?" तिचं उदगीरकडचं, कानडी मिसळलेलं बोलणं तुला माहीत आहे. मला लाज वाटली.

सुदर्शन म्हणतो, आई, हौद फोडून तिथं फरशी टाकू, गाडी लावायला जागा होईल. मी म्हटलं, थोडं थांब. का म्हटलं ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. तू दोन महिने विटा वाहून, एकेक वीट फटी ठेवून लावली होतीस, ते मी रोज बघत होते. फोडायला एक दुपारही लागणार नाही.

हे पुन्हा ठीक होतं का, का आता गेलंच? होत असेल तर काय करू, ते दोन ओळीत लिही. अंगणवाडीत बत्तीस वर्षं काढलेली बाई आहे मी, सांगितलेलं करते.

तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं असेल. कसं आहे, जमलं तर लिही.

तुझी,
आत्याबाई

*

बिलोली,
१४ सप्टेंबर २०२४

आत्याबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर ओळखलं आणि तीन दिवस पाकीट फोडलं नाही. मग फोडलं. खताचं विचारलं आहे, तर खताचं सांगते.

ते गेलेलं नाही. नुसतं ओलंच ओलं पडल्यामुळं आत हवा राहिली नाही, म्हणून सडलं. कुजणं आणि सडणं यात एवढाच फरक आहे. आधी तो पत्रा परत आणून झाका, पाऊस आत जाता कामा नये. मग सगळा गाळ बाहेर काढून दोन दिवस ताडपत्रीवर पसरा. वास येईल, शांतम्मांना आधी सांगून ठेवा. हौद रिकामा झाला की तळाला तुराट्या मोडून वीतभर थर द्या, म्हणजे खालून हवा खेळेल. त्यावर एक टोपलं गाळ, दोन टोपली कोरडं, असे थर लावत या. आत्ता पाचोळा मिळणार नाही, तर लाकडाच्या वखारीतून भुसा आणा, पुठ्ठ्याची खोकी फाडून टाका. सोयाबीनच्या राशी झाल्या की भुसकट मागा, कुणीही देईल. थोडं शेण, तांब्याभर आंबट ताक आणि गुळाचा खडा बादलीभर पाण्यात कालवून वरून शिंपडा.

शिजलेलं अन्न टाकू नका. अळ्यांना घाबरू नका, त्या खाऊन काम करतात, कोरडं वाढलं की आपोआप कमी होतील. आठ दिवसांनी लोखंडी सळई मधोमध खुपसून पाच मिनिटांनी काढा. हाताला गरम लागली तर बरोबर चाललं आहे. थंड लागली तर मूठभर घेऊन दाबा. बोटांतून पाणी ठिबकलं तर ओल जास्त, मूठ उघडल्यावर ढेकूळ फुटलं तर ओल कमी. दहा दिवसांनी एकदा सगळं खालवर करा. जड काम आहे, एकदम करू नका.

मी होते तेव्हा हौदातून पाणी गळत नव्हतं. हौदापाशी कधी ओल नव्हती. ते तुम्हाला माहीत आहे.

मनगट जुळलं आहे, पण पूर्ण वळत नाही. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिताना कळ येते. बाकी सगळं करते.

इथल्या कोर्टात मी घातलेल्या केसची पुढची तारीख २८ नोव्हेंबर आहे. सुदर्शनच्या साक्षीदारांत पहिलं नाव तुमचं आहे. तुमचं प्रतिज्ञापत्र मी वाचलं.

खताशिवाय काही लिहायचं असेल तर लिहा. नसेल तर एवढंच पुरे.

तनुजा

*

लातूर,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. तनुजास,
आशीर्वाद.

दसरा झाला. तुझं पत्र येऊन महिना झाला, पण मी मुद्दाम थांबले. म्हटलं, करून दाखवावं आणि मग लिहावं.

गाळ काढायला मला दोन नाही, चार दिवस लागले. पहिल्या दिवशी शांतम्मा नाकाला पदर लावून भिंतीवरून बघत होती. दुसऱ्या दिवशी दार उघडून आली, म्हणाली, "तू असं उपसलीस तर संक्रांत येती," आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. तिला सत्तर झाले असतील, पण बाई काटक आहे. वखारीत भुसा मागितला तर तो माणूस म्हणाला, "मावशी, घोडं पाळलं का?" म्हटलं, हौद पाळलाय. त्यानं दोन पोती फुकट दिली. तुराट्या माझ्या भावानं, लिंबाजीनं, लोह्याहून येताना आणल्या. वर्गात फळा भरतो तसे ओळीनं थर लावले, वर पत्रा टाकला, पत्र्यावर दगड.

आठव्या दिवशी सळई काढली, थंड. मन खट्टू झालं. दहाव्या दिवशीही थंड. मग मूठ दाबून बघितली तर सगळं भुरभुरीत. भुसा मी जास्तच घातला होता, त्यानं सगळी ओल पिऊन टाकली. मग पुन्हा ताक-गुळाचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, आणि शांतम्माच्या गाईचं शेण. तेराव्या दिवशी सळई काढली आणि हातातून सुटली. चटका बसला गं! मी शांतम्माला हाक मारून तिला धरायला लावली. ती म्हणाली, "अय्यो, आत चूल कुणी पेटविली?" आम्ही दोघी म्हाताऱ्या सळई घेऊन हसत बसलो.

वास गेला. आता पावसानंतर शेतात येतो तसला वास येतो. अळ्या आहेत, पण कमी. सोयाबीनचं भुसकटही लिंबाजी पाठवणार आहे.

सुदर्शननं एका रविवारी बघितलं. म्हणाला, "आई, तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "अंगणवाडीत ट्रेनिंग झालं होतं की." तो आत गेला आणि मी तिथंच उभी राहिले. असं कुठलंही ट्रेनिंग झालं नव्हतं. मी खोटं बोलले, आणि ते बोलायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

म्हणून आता ते लिहिते, जे पहिल्या पत्रात लिहायचं होतं.

मागच्या मंगळवारी आम्ही खत खालवर करत होतो. शांतम्मानं फावडं थांबवलं आणि विचारलं, "सून किती दिवस माहेरी राहणार?" मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "उमाक्का, ही भिंत कमरेएवढी हाय. त्या दिवशी मी तिकडं कपडे झटकत होते. तिचं ओरडणं ऐकलं. मग तू रिक्षा आणलीस, तेव्हा रिक्षावाल्याला काय सांगितलंस ते पण ऐकलं." मी हातानं ढेकळं फोडत राहिले. ती म्हणाली, "मी पण कुणाला सांगितलं नाही. शेजारी राहायचं असतं." आणि पुन्हा काम करायला लागली.

तनुजा, तो दिवस मी तुला सांगण्यात अर्थ नाही, तुझ्यावरच तो आला होता. पण मी काय बघितलं ते तुला माहीत नाही. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होते. हातात तूरडाळ पाखडायचं सूप होतं. तू घमेल्यात पाचोळा भरून हौदाकडं निघाली होतीस. सुदर्शननं विचारलं, उद्या मुलाखतीला जाणार का? तू हो म्हणालीस. तो म्हणाला, "बीएस्सी होऊन कचरा चिवडतीस, आता लोकांच्या पोरांना पण तेच शिकवणार?" तू म्हणालीस, "हाव, तेच शिकवणार." मग त्यानं तुझा हात धरला आणि मागं पिरगळला. तू सोड म्हणालीस, दोनदा. तिसऱ्यांदा ओरडलीस. मला हाड मोडल्याचा आवाज आला. मी सूप खाली ठेवलं. डाळ सांडू नये म्हणून नीट खाली ठेवलं, हेही मला आठवतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, कसं झालं? तू तोंड उघडायच्या आत मी बोलले, "परसात खताच्या हौदापाशी पाय घसरला." तू माझ्याकडं बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. तू नुसतं बघितलंस, आणि मग भिंतीकडं तोंड केलंस. दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ येऊन तुला घेऊन गेला.

तेच वाक्य पुढं वकिलांनी टाइप करून आणलं आणि मी सही केली. प्रतिज्ञापत्र माझ्या हातचं नाही, पण सही माझी आहे.

हे लिहायला मला सात महिने लागले. माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू?

आत्याबाई

*

बिलोली,
२८ ऑक्टोबर २०२४

आत्याबाईंना नमस्कार.

वाचलं. दोनदा वाचलं.

तुम्ही दारात होता हे मला माहीत होतं. तुमची सावली घमेल्यापर्यंत आली होती. म्हणून तर मी तिसऱ्यांदा ओरडले.

हे मला कळवून उपयोग नाही, मला ते आधीच ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापुढं बोलायचं असेल तर २८ नोव्हेंबरला बोला. बोलणार नसाल तर तसंही कळवू नका, मला आशा लावून ठेवायची नाही. त्या दिवशी विद्यालयात परीक्षा आहे, मी कोर्टात नसेन. माझे वकील असतील.

तुमचं पत्र मी वकिलांना दाखवलेलं नाही. दाखवू शकले असते. तुम्ही बोलायचं ते तुम्ही बोलावं असं मला वाटतं, माझ्या पिशवीतल्या कागदानं नाही.

माझी दहावी-बारावीची आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं अजून सुदर्शनच्या कपाटात आहेत. झेरॉक्सवर मला इथं तात्पुरतंच ठेवलं आहे.

खतावर आता कोरडं जास्त घालू नका. थंडी पडली की आतली ऊब टिकायला वरून पोतं पसरा. पंधरा दिवसांनी एकदा हलवलं तरी चालेल.

तनुजा

*

लातूर,
१५ डिसेंबर २०२४

चि. तनुजास,
आशीर्वाद.

वकिलांनी तुला सांगितलं असेल, आणि साक्षीची नक्कलही दिली असेल. पण टाइप केलेल्या कागदात सगळं येत नाही. तू तिथं नव्हतीस, म्हणून लिहिते.

आम्ही सकाळी सुदर्शनच्या गाडीतून निघालो. लोह्यात चहाला थांबलो. तो माझ्यासाठी बशीत ओतून घेऊन आला, लहानपणी मी त्याला द्यायची तसा. म्हणाला, "आई, घाबरू नको. ते विचारतील, हे तुमचंच का, तू हाव म्हण. लिहिलंय तेवढंच. दोन मिनिटांचं काम हाय." मी चहा प्याले. त्याला आधी सांगावं असं वाटलं, पण सांगितलं असतं तर त्यानं गाडी तिथूनच परत फिरवली असती. म्हणून गप्प बसले. तेही एक खोटंच, पण शेवटचं असावं.

न्यायाधीश बाई होत्या, तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मला शपथ दिली. सुदर्शनच्या वकिलांनी कागद दाखवला, "ही सही तुमची का?"

"हाव, माझी."

"यातला मजकूर खरा आहे ना?"

"नाही," मी म्हटलं.

वकिलांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं. मी पण मोठ्यानं म्हटलं, "सही माझी हाय, मजकूर खोटा हाय. तनुजा पडली नव्हती. माझ्या मुलानं तिचा हात पिरगळला. मी दारात उभी होते."

मागं कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

मग वकील न्यायाधीश बाईंशी इंग्रजीत काहीतरी बोलले आणि माझ्याकडं वळले. आता त्यांचा आवाज बदलला होता. सुनेनं फोन केला का, भेटायला आली होती का, घर तिच्या नावावर करून मागती का, असं विचारत गेले. मी म्हटलं, पत्रं लिहिली, मी आधी लिहिलं. "पत्रात काय होतं?" म्हटलं, "खत कसं करायचं ते." दोघं-तिघं हसले. ते म्हणाले, "हौदापाशी ओल होती, त्यावरून ती घसरली, हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, "साहेब, मार्च महिना होता. लातुरात त्या वेळी आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं. भांडी घासलेलं पाणी आम्ही झाडांना घालायचो. हौदापाशी सांडायला पाणी कोण आणणार? आणि तो हौद तिनं केलेला होता, तो गळत नव्हता. गळायला लागला तो ती गेल्यावर, मी बिघडवल्यावर. हौदापाशी ओल नव्हती."

वकील कागद चाळायला लागले. मग न्यायाधीश बाईंनीच विचारलं, "आजी, मग तुम्ही आधी तसं का सांगितलं? शपथेवर खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे, माहीत आहे का?"

मी म्हटलं, "मॅडम, सवय होती."

त्यांना कळलं नाही. मग मला सांगावं लागलं. तनुजा, हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, माझ्या आईलासुद्धा नाही. हॉलमध्ये ज्यांचा फोटो आहे, ज्यांना तू लग्नानंतर पहिल्यांदा नमस्कार केलास, ते तुझे सासरे शिवलिंगअप्पा गावात दोनदा सरपंच होते, त्यांना सगळे मानायचे. आणि मी वर्षा-दोन वर्षांनी पडायची. एकदा आडावर पडले. एकदा माळवदावर चढायच्या शिडीवरून. एकदा दवाखान्यात सांगितलं की बैलानं ढुसणी दिली, तर त्या वर्षी आमच्याकडं बैलच नव्हता, दुष्काळात विकला होता. डॉक्टर गावचेच होते, त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी लिहून घेतलं, बैल. सुदर्शन नऊ वर्षांचा होता तेव्हा माझ्यासोबत दवाखान्यात यायचा. पुढं पुढं मला सांगावं लागायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं की तोच म्हणायचा, "आई पडली."

एवढं सगळं मी कोर्टात नाही बोलले. "माझे मालक पण मारायचे, मॅडम, आणि मी पण पडले म्हणून सांगायची," एवढंच. बाई लिहून घेत होत्या, त्यांचं पेन थांबलं. खोट्या प्रतिज्ञापत्राचं पुढं वेगळं बघू म्हणाल्या. काय व्हायचं ते होऊ दे. माझं वय चौसष्ट आहे, मला कुणी काय करणार!

बाहेर व्हरांड्यात सुदर्शन उभा होता. मला वाटलं, तुझ्याबद्दल बोलेल. तो म्हणाला, "अप्पांचं तू तिथं का काढलंस?"

मी विचारलं, "तुला आठवतं का?"

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "आठवतं." आणि किल्ली घेऊन निघून गेला. गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की मी आता एसटीनं जायचं.

बिलोलीहून नांदेड, नांदेडहून लातूर. खिडकीला डोकं टेकून बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भूक मात्र लई लागली होती. नांदेडच्या स्टँडवर मी दोन प्लेट भजी खाल्ली, एकटीनं.

सुदर्शन तीन दिवसांनी आला आणि कपडे घेऊन गेला. क्लासजवळच्या खोलीवर राहतो. घर माझ्या नावावर आहे, म्हणून मी इथंच आहे. मागच्या गुरुवारी त्याचा फोन आला, पण बोलला नाही. मीही बोलले नाही. फोन मात्र बराच वेळ चालू होता. माझा मुलगा आहे तो, तनुजा. जेवला का, हे माझ्या तोंडावर येतं. पण आधी दुसरं काही बोलायला हवं आणि ते त्यानं बोलायला हवं, असं मी ठरवलं आहे. किती दिवस टिकेन माहीत नाही. त्याला असा मीच केला, निदान अर्धा, हे मला कळतं. उरलेला अर्धा त्याचा त्यानं केला.

तो कपडे न्यायला आला तेव्हा कपाटाची किल्ली टेबलावर राहिली. विसरली का ठेवली, मी विचारलं नाही. तुझी सगळी प्रमाणपत्रं मी काढली. पदवीच्या कागदाला एका कोपऱ्यात वाळवी लागली होती, पण नाव आणि शिक्का शाबूत आहे. वेगळ्या पाकिटात शुक्रवारीच रजिस्टरनं पाठवली आहेत, विद्यालयाच्याच पत्त्यावर. मिळाली की पोचपावतीवर सही कर, मला तेवढं कळलं तरी पुरे.

हौदातलं खत झालं. परवा शांतम्मानं आणि मी बांधकामाची जुनी चाळण लावून चाळलं. काळंभोर, चहापत्तीसारखं मोकळं. चाळणीवर राहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे आणि तुराट्यांची टोकं पुन्हा नव्या थरात टाकली. एकूण अडीच पोती भरली. शांतम्मानं मूठभर नाकाला लावून बघितलं. मग पदराला गाठ मारून घेऊन गेली आणि तिच्या वांग्यांना घातलं. तू लावलेला कढीपत्ता अजून आहे, त्याला मी घातलं. बाकी पोती पत्र्याखाली ठेवली आहेत. तुला पाठवू का असं विचारत नाही, बिलोलीला मातीची काय कमतरता. मला फक्त सांगायचं होतं की ते बरोबर झालं.

तू परत ये असं मी लिहिणार नाही. तुझे वकील म्हणाले, मारहाणीच्या या केसचा निकाल तुझ्या बाजूनं लागेल, मग तू घटस्फोट मागशील. माग. तुझं मनगट वळत नाही ते माझ्यामुळंही आहे. डॉक्टरांना खरं कळलं असतं तर त्यांनी त्या दिवशीच पोलिसांना कळवलं असतं, आणि तुला दुसऱ्या दिवशी तसाच सुजलेला हात घेऊन दीडशे किलोमीटर एसटीनं जावं लागलं नसतं. हे मला रोज डाळ निवडताना आठवतं. आठवायला पाहिजेच.

आतापर्यंतच्या पत्रांखाली मी आत्याबाई म्हणून सही केली. ते नातं सुदर्शनमुळं होतं, आणि आता ते कोर्टाच्या कागदावर संपणार. संपल्यावर मी तुझी कोण, ते तू ठरव, किंवा नको ठरवू. माझ्याकडून आज नुसतं नाव लिहिते.

उमादेवी